भिंतीवरचे दुसरे कॅलेंडर

दिवाळीचा फराळ संपत आला, डब्यांच्या तळाशी चकलीचे तुकडे तेवढे उरले आणि तुळशीचे लग्न लागले, की आपल्या घरांतले बोलणे कसे बदलते पाहा! कालपर्यंत "यंदा कंदील कोणता आणायचा" म्हणणारी माणसे एकदम "यंदा कर्तव्य आहे का?" असे विचारू लागतात. स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरचे कॅलेंडर उतरवले जाते, चष्मा शोधला जातो आणि मुहूर्तांच्या तारखांवरून बोट फिरू लागते.

नेमके याच दिवसांत आपल्या गावातल्या कॉलेजात, फाटकातून आत गेल्यावर, काचेच्या कुलूपबंद पेटीत एक टाइप केलेला कागद लागतो. दुसऱ्या सत्राचे वेळापत्रक. परीक्षेचे फॉर्म कधी, प्रात्यक्षिके कधी, शिबिर कधी, स्नेहसंमेलन कधी, लेखी परीक्षा साधारण केव्हापासून, हे सगळे त्यावर असते. म्हणजे तेही एक कॅलेंडरच की! पण ते उतरवून घ्यायला आपल्यापैकी कितीजणी जातात?

खरं सांगते मैत्रिणींनो, मीही जात नव्हते. मुलगी गेली तीन वर्षे त्या कॉलेजात जाते आहे. मी रोज भाजीला त्याच रस्त्याने जाते. पण माझी हद्द फाटकापर्यंत. आत मुलांचे राज्य, तिथे आपले काय काम, असेच वाटायचे. यंदा मात्र आत जावे लागले. का जावे लागले ते पुढे सांगतेच. आधी आत काय पाहिले, आणि आतापासून परीक्षेपर्यंत तिथे काय काय व्हायचे आहे, ते ऐका. तालुक्याच्या गावी असलेल्या बहुतेक कॉलेजांत थोड्याफार फरकाने हेच चालते. तुमच्या मुली-मुलांच्या कॉलेजातही चालत असेल.

नोटीस बोर्डासमोर

ऑफिसच्या खिडकीशी मी आधी गेले, ती चूकच झाली. खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारले, "विद्यार्थी कुठाय? आई कशाला आली?" मी वेळापत्रक हवे म्हटले, तर म्हणाले, "मुलीच्या मोबाइलवर आलंय." खिडकी बंद. शेवटी शिपाईमामांनी "इकडं या ताई" म्हणून बोर्डापुढे नेऊन उभे केले. मी पिशवीतली वाण्याची यादी काढली आणि तिच्या पाठीवर सगळे उतरवून घेतले.

बोर्डावर सर्वांत वर परीक्षा फॉर्मची सूचना होती. मुदत, त्यानंतर विलंब शुल्कासह मुदत. दुसरी सूचना हजेरीची. हजेरी पंचाहत्तर टक्के हवी, ती भरली नाही तर परीक्षेला बसण्यात अडचण येते. आता आपल्याकडे काय होते, मावशीकडे लग्न, म्हणून मुलीचे चार दिवस जातात, देवीला जायचे म्हणून आणखी तीन. मुलाचे जात नाहीत, मुलीचेच जातात, कारण कामाला हात लागतात! हे दिवस शेवटी कुठे जमा होतात ते त्या काचेआड लिहिलेले असते.

तिसरा कागद शिष्यवृत्तीचा होता आणि तो प्रत्येक आईने वाचावा असा आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र शासनाने एक मोठा निर्णय लागू केला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्ग यांतल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांनी शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची शंभर टक्के सवलत आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना निराळ्या आहेत. वसतिगृह, पुस्तके, इतर फी यांचा खर्च राहतोच. पण "इंजिनिअरिंगची फी कोण भरणार, बी.ए. कर" असे मुलीला परस्पर सांगून टाकण्यापूर्वी ही चौकशी नक्की करा. अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो आणि त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. हा दाखला तहसीलमधून यायला वेळ लागतो, म्हणून तो ऐनवेळी नको, आधीच काढून ठेवावा.

शिबिराची पिशवी

डिसेंबर-जानेवारीत बहुतेक ठिकाणी राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर असते. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. यात नाव घातलेल्या मुलामुलींनी वर्षाला १२० तास काम करायचे असते आणि दोन वर्षांत एक शिबिर. एखादे खेडे घेतात, तिथल्या शाळेत मुक्काम. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालणे, रस्ता नीट करणे, झाडांना आळी करणे, संध्याकाळी गावकऱ्यांपुढे पथनाट्य.

मुलगी "शिबिराला जाऊ का?" म्हणाली की आपल्या पोटात गोळा येतो. रात्रीचा मुक्काम, परके गाव! माझ्याकडेही पहिल्या वर्षी "काही नको" हेच उत्तर गेले होते. दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले. नकार देण्यापूर्वी चार प्रश्न विचारायला शिकले. बरोबर मॅडम कोण आहेत? मुलींची झोपायची खोली वेगळी आहे ना, आणि तिला आतून कडी आहे का? संडास-न्हाणीची सोय कशी आहे? रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा? उत्तरे सरळ मिळाली तर मुलीला खुशाल पाठवा. माझी मुलगी सात दिवसांनी परत आली ती हाताला फोड घेऊन आणि न सांगता स्वतःचे ताट घासून ठेवू लागली, यापेक्षा जास्त काय सांगू!

पिशवीत काय द्यावे? सतरंजी, चादर, स्वेटर, कानटोपी, ताट-वाटी-पेला (त्यावर नाव घालून), टॉर्च, सुती कपड्यांचे तीन जोड, टोपी, मलमाची डबी आणि नेहमीची औषधे. पाळी आसपास असो-नसो, त्या सामानाची पुडी घालाच. खाऊ म्हणून शेंगदाणे-गुळाचे लाडू द्यावेत. टिकतात, आणि वाटून खायला बरे पडतात. दागिना एकही नको.

हिमोग्लोबिनची चिठ्ठी

शिबिराच्या सुमारास कॉलेजात रक्तदान असते, आणि मुलींची हिमोग्लोबिन तपासणीही. रक्त द्यायला वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ लागते. आमच्या हिच्या वर्गातल्या कितीतरी मुली उत्साहाने रांगेत उभ्या राहिल्या आणि "तुला चालणार नाही" म्हणून परत आल्या. कित्येकींना त्या दिवशी पहिल्यांदा कळले की आपले रक्त कमी आहे. घरी आल्यावर त्या हे सांगतही नाहीत. म्हणून तुम्हीच विचारा, "चिठ्ठीवर आकडा काय आला?"

बाईचा हा आकडा १२ च्या खाली असला तर तो कमी समजतात. डॉक्टरांना दाखवणे हे आलेच. पण घरातही बरेच करता येते. जेवणाबरोबर किंवा जेवल्याजेवल्या चहा घेऊ नये, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. मोड आलेल्या कडधान्यावर, पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने ते जास्त लागू पडते. आणि हो, मुलीचा आकडा पाहून झाल्यावर स्वतःचाही एकदा तपासून घ्या. सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर उरलेले खाणारी घरात कोण असते ते आपल्याला ठाऊक आहे.

पैठणीची स्वारी

जानेवारी उजाडला की कॉलेज नुसते सणासारखे होते. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांची जयंती. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तिथे शिकवणाऱ्या त्या माउलीच्या वेशात त्या दिवशी दोन-चार मुली हमखास दिसतात. १२ ला युवक दिन, १४ पासून मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २५ ला मतदार दिन. १८ पूर्ण झालेल्या मुलीचे नाव यादीत घालायचे राहिले असेल तर त्या दिवशी कॉलेजातच फॉर्म मिळण्याची शक्यता असते.

आणि मग स्नेहसंमेलन! त्यातला साडीचा दिवस म्हणजे आपल्या कपाटावर धाड. "आई, तुझी ती लग्नातली दे ना!" द्यावी हो. आपण तरी ती वर्षातून किती वेळा नेसतो? फक्त चार गोष्टी सांगून द्या. पिन लावताना जरीत टोचू नये, पदराच्या आत रुमालाची घडी ठेवून तीत लावावी. अत्तर-सेंट साडीवर उडवू नये, जर काळवंडते. परत आल्यावर साडी तशीच घडी करून ठेवू नये, घाम सुकेपर्यंत सावलीत वाऱ्यावर टाकावी. नंतर प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळावी, आणि घड्या दर दोन-तीन महिन्यांनी बदलाव्यात, म्हणजे घडीवर चिरत नाही.

संमेलनात शेलापागोटी असतात, म्हणजे हल्लीचे फिशपाँड. एकमेकांवर गमतीच्या चिठ्ठ्या. त्यातली एखादी चिठ्ठी मुलीच्या वर्णावर किंवा अंगयष्टीवर असते आणि ती घरी येऊन रडत बसते. "एवढं काय त्यात" म्हणून उडवून लावू नका. थट्टा आणि छळ यांत अंतर आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, देशभराची मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ ही आहे, आणि प्रत्येक कॉलेजात स्त्रियांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्या सदस्यांची नावे बोर्डावर लावलेली असतात. मी तीही उतरवून आणली. उपयोग पडू नये, पण माहीत असावीत.

सासूबाईंच्या ओव्या

२७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणून मराठी भाषा गौरव दिन. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला, तेव्हापासून या दिवसाला आणखी रंग चढला आहे. आमच्या कॉलेजात त्या दिवशी भित्तिपत्रक निघते. यंदा मराठीच्या बाईंनी मुलींना सांगितले आहे, की पुस्तकातले उतरवू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून जात्यावरच्या ओव्या मिळवून आणा.

झाले, आमच्या सासूबाईंना भाव आला. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी अधू. नातीने मोबाइल पुढे धरला तर आधी "मला मेलीला काय येतंय" म्हणाल्या, आणि मग एकामागून एक अशा एकवीस ओव्या सांगितल्या. माहेरच्या वाटेच्या, भावाच्या, लेकीच्या. पंचवीस वर्षे एका घरात राहून यातली एकही मी ऐकली नव्हती, कारण मी आले तेव्हा घरात पिठाची चक्की होती! तुमच्या घरीही कोणी आजी, मावशी, आत्या असेल, तर कॉलेजच्या या कामाला लेकीबरोबर तुम्हीही बसा. पुढच्या वर्षी बसू, असे या बाबतीत म्हणू नये.

दोन तारखा

आता मी कॉलेजात का गेले ते सांगते.

तुळशीचे लग्न झाल्यावर आठच दिवसांत मुलीला पुण्याचे स्थळ सांगून आले. मुलगा शिकलेला, माणसे चांगली, मागणे-बिगणे काही नाही. मुलीलाही मुलगा पसंत आहे, हे मुद्दाम सांगते. पण त्यांना लग्न फाल्गुनात हवे. मुलाची आजी थकली आहे, तिच्या डोळ्यांदेखत व्हावे, ही त्यांची इच्छा. आणि आमची हिची पदवीची शेवटची परीक्षा त्यानंतर जेमतेम महिन्याभरात. मी हळूच म्हटले, "परीक्षा आहे हो तिची." त्यावर मुलाची आई अगदी मायेने म्हणाली, "अहो, परीक्षा काय, आमच्याकडून देईल की!"

मैत्रिणींनो, हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. शब्दन् शब्द.

२००० साली मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. लग्न फाल्गुनात झाले. परीक्षा एप्रिलमध्ये. "सासरहून देईल की" असे ठरले, आणि कोणाच्याच मनात खोट नव्हती. हॉल तिकीट माहेरच्या पत्त्यावर आले, ते वडिलांनी पोस्टाने पाठवले. पण पहिल्या पेपरच्या दिवशी सासरी दिरांची मुंज निघाली. घरात पन्नास पाने, नवी सून दारात घागर घेऊन उभी. तिने "मी पेपरला जाते" म्हणायचे कसे? कोणी जाऊ नको म्हटले नाही. कोणी जा असेही म्हटले नाही. पहिला गेला म्हणून दुसराही गेला. "ऑक्टोबरला दे" म्हणाले. ऑक्टोबरात मला दिवस गेलेले होते.

ते हॉल तिकीट माझ्या ट्रंकेत शालूच्या खाली आहे. काळापांढरा फोटो, माहेरचे नाव, वर शाईचा शिक्का. गेल्या वर्षी साडीच्या दिवसासाठी शालू काढताना ते मुलीच्या हाती लागले. "आई, हे काय गं?" म्हणाली. मी "जुना कागद आहे" म्हटले आणि परत ठेवून दिले.

म्हणून पुण्याची मंडळी दुसऱ्यांदा यायच्या आदल्या दिवशी मी कॉलेजात गेले, आणि वाण्याच्या यादीमागे ते वेळापत्रक उतरवून आणले. यांना आधी सांगितले नव्हते. बैठक सुरू झाली. पंचांग पुढे आले, फाल्गुनातले दोन मुहूर्त निघाले. मी कागद हातात धरून बसले होते, पण तोंडातून शब्द निघेना. शेवटी म्हटले, "माझ्याकडे पण तारखा आहेत." वाचायला लागले. प्रात्यक्षिके अमुक दिवशी, लेखी परीक्षा अमुक तारखेपासून. आवाज कापत होता. सगळे गप्प.

तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या, "तो कागद दे इकडे." त्यांना वाचता येत नाही आता. त्यांनी चाचपून पंचांग जवळ ओढले आणि माझा कागद त्याच्या शेजारी ठेवला. म्हणाल्या, "दोन्ही बघून सांगा." एवढेच. २००० साली मुंज त्यांच्याच धाकट्या मुलाची होती.

आम्ही त्यांना सांगितले, की परीक्षा संपल्यानंतरचा तुम्ही म्हणाल तो मुहूर्त आम्हाला चालेल, आणि आजींना भेटायला मुलगी हवी तेव्हा येईल, साखरपुडाही त्यांच्या डोळ्यांदेखत करू. ते "घरी विचारून कळवतो" म्हणून गेले. त्यांचे उत्तर अजून यायचे आहे. मला काळजी वाटत नाही असे नाही. चांगले स्थळ आहे. रात्री यांनी विचारलेसुद्धा, "हातचं गेलं तर?" मी काय उत्तर देणार? पण दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेची फी हेच स्वतः काढून देत होते. फॉर्म भरून झाला आहे.

तुमच्याही घरी कर्तव्य असेल तर

बोलणी सुरू होण्यापूर्वीच कॉलेजच्या तारखा लिहून कॅलेंडरशेजारी लावा. समोरच्यांना पहिल्या भेटीतच सांगा. ठरल्यावर सांगितले की ती अडवणूक वाटते.

परीक्षेच्या आधी लग्न करावेच लागले, तर कोणत्या गावाहून, कोणाबरोबर, कोणत्या गाडीने ती पेपरला जाईल हे तारखेनिशी ठरवून घ्या. नुसते "देईल की" पुरे नाही. आणि पदवी हाती येईपर्यंत कागदोपत्री नाव बदलण्याची घाई करू नका. गुणपत्रिकेवर एक, फॉर्मवर दुसरे असे झाले की हेलपाटे सुरू होतात.

मुलीची एक फाइल करा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, जातीचा दाखला, फीच्या पावत्या. ही फाइल लग्नात रुखवतात मांडत नाहीत हे खरे, पण सासरी जाताना बॅगेत सर्वांत आधी ती घाला.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता पहिले वर्ष पुरे करून थांबावे लागले तर ठरलेल्या अटींवर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी असे टप्पे आहेत. मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यात जमा राहतात आणि साधारण सात वर्षांपर्यंत धरले जातात. माझ्या वेळी असे काही नव्हते. सोय चांगली आहे, पण ती अडलेल्यासाठी. "थांबली तरी चालतं की आता" असा तिचा अर्थ घरात कोणी लावू लागले तर मान डोलावू नका.

आणि तुमचे स्वतःचे?

बोर्डाच्या अगदी खाली, कोपरा फाटलेला एक कागद होता. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचा. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले आणि त्याची केंद्रे तालुक्याच्या कॉलेजांतून आहेत. बारावी झालेल्या कोणालाही तिथे पदवीला प्रवेश घेता येतो. वयाची वरची अट नाही. पुस्तके मराठीतून, मार्गदर्शनाचे तास बहुधा सुट्टीच्या दिवशी, परीक्षा जवळच्या केंद्रावर. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातही घरी राहून शिकण्याची सोय आहे. हे विद्यापीठ महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या विद्यार्थिनींवर!

केंद्राच्या बाईंना मी माझी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "ताई, तो जुना अभ्यासक्रम बंद झाला, आता पहिल्यापासून यावं लागेल." क्षणभर वाईट वाटले. दोन वर्षे पास झालेली, ती वाया? मग हिशेब केला. आणखी तीन वर्षांनी माझे वय तेवढे वाढणारच आहे, शिकले काय न शिकले काय.

जुन्या नावाचे आणि आताच्या नावाचे कागद जुळवायला विवाह नोंदणीचा दाखला लागेल, तो काढायला दिला आहे. बारावीची गुणपत्रिका माहेरच्या माळ्यावर सापडली, कडा वाळवीने खाल्ल्या आहेत पण गुण वाचता येतात. प्रवेशाची सूचना साधारण जूननंतर लागते, तारीख दरवर्षी बदलते. म्हणजे पुन्हा नोटीस बोर्ड आलाच. शिपाईमामांनी "लागली की सांगतो ताई" म्हटले आहे.

कॉलेजात चालणाऱ्या "कमवा आणि शिका" योजनेचा फलक तिथेच आहे. त्याच्यासमोर मी थोडी थांबले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ साली साताऱ्याला याच तत्त्वावर कॉलेज काढले, हे आपण शाळेत शिकतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रसुद्धा, हेही शिकतो. परक्यांची मुले शिकावीत म्हणून एका बाईने एवढे केले. आपल्याला तर आपल्याच घरातल्या मुलीसाठी एक तारीख पुढे ढकलायची आहे.

तेव्हा उद्या भाजीला जाल तेव्हा पाच मिनिटे काढा आणि कॉलेजच्या फाटकातून आत जा. खिडकीशी जाऊ नका, सरळ बोर्डाशी जा. जवळ कागद-पेन्सिल असू द्या. मुलगी, सून, नणंद, भाची, जिची असेल तिची तारीख उतरवून घ्या. आणि सर्वांत खालचा, कोपरा फाटलेला कागद वाचायला विसरू नका.

आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर आता दोन कॅलेंडरे आहेत. दुसरे वाण्याच्या यादीमागचे. त्याच्या उलट बाजूला "तूरडाळ दोन किलो, हिंगाची डबी" लिहिलेले आहे.